गुलाब नाजूक नसतो हो!

मंडळी, दर रविवारी सकाळी साडेसातला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर एक विधी होतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका तोंडाला रुमाल बांधून, हातात दोन लिटरचा पंप घेऊन आपल्या ३२ कुंड्यांवरून फवारा मारत फिरतात. एका रविवारी बुरशीचं औषध, दुसऱ्या रविवारी किडीचं. तिसऱ्या रविवारी काहीतरी टॉनिक. गेल्या रविवारी मी नेमका कपडे वाळत घालायला वर गेलो आणि सापडलो.

"काय रे, तुझ्या गुलाबांना कोणतं औषध देतोस हल्ली?"

"देत नाही काका."

"मग मेले असतील."

"मेले ना. पण आता जे आहेत ते मरत नाहीत."

"कोणते लावलेस?"

"गावठी."

काका रुमालाच्या आडून हसले. "अरे गावठी म्हणजे कुंपणाला लावायचं झुडूप. गुलाब तो गुलाब. जपावाच लागतो बाबा, नाजूक असतो."

काका माणूस भला आहे. लाईट गेली की पहिली बॅटरी तेच आणून देतात. त्यामुळे मी तिथे काही बोललो नाही, 'हो हो' करून खाली आलो. पण डोक्यात किडा वळवळत राहिला, आणि वीकांताला डोक्यात किडा वळवळला की त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. तर आजचं भांडण या एका वाक्याशी. 'गुलाब नाजूक असतो.'

थाप आहे ही. आणि नुसती थाप नाही, महागातली थाप आहे.

आधी माझी लायकी सांगतो. पुण्यात फ्लॅट घेतल्यावर मलाही गुलाबाचं वेड लागलं. सोलापूर रस्त्याला उरुळी कांचनच्या बाजूला रांगेने नर्सऱ्या आहेत, तिथे गाडी काढून जायचं आणि डिकी भरून यायचं. पावणेतीन वर्षांत ११ रोपं आणली. इंजिनिअर असल्यामुळे अर्थातच एक्सेल शीट केली : रोप कधी आणलं, किती फुलं आली, कधी गेलं, औषधाचा खर्च किती. त्या ११ पैकी ८ मेली. पहिल्या वर्षात भरपूर फुलं, पहिल्या पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके, मग पानगळ. ऑक्टोबरात छाटणी केली की कापलेल्या टोकापासून फांदी काळी पडत खाली यायची आणि एक दिवस संपलं. प्रत्येक वेळी मी स्वतःलाच दोष दिला. पाणी जास्त झालं असेल, ऊन कमी पडलं असेल, माझा हातच वाईट. दुकानदाराने मात्र कधी झाडाला दोष दिला नाही. तो बाटली द्यायचा.

आता जरा विचार करा. माझ्या कामात एखादा प्रोग्राम ११ पैकी ८ मशीनवर बसला, तर आम्ही 'युजरचा हात वाईट' म्हणत नाही (म्हणजे, खाजगीत म्हणतो, पण ते असो). आम्ही प्रोग्राम तपासतो. गुलाबाच्या बाबतीत हे आपण का करत नाही?

मी तपासला. आपण नर्सरीतून जो 'गुलाब' आणतो, लांब दांडी आणि दांडीवर एकच मोठी टोकदार कळी, तो म्हणजे हायब्रिड टी. या घराण्याची पहिली जात 'ला फ्रान्स' मानतात, १८६७ सालची, फ्रान्समधल्या ग्यो नावाच्या गुलाबवाल्याची. त्याआधी हजारो वर्षं माणूस गुलाब लावत होता आणि ते सगळे कमीजास्त झुडुपंच होते : बुंध्यापासून चार-पाच फांद्या, कमरेएवढी ते डोक्याएवढी उंची, घोसाने फुलं. मग १९०० साली पेर्ने-दुशे या फ्रेंच माणसाने 'सोलेय दॉर' आणला. तोपर्यंत बागेतल्या मोठ्या गुलाबांत असा झळझळीत पिवळा रंग नव्हता. तो त्याने रोझा फेटिडा या पश्चिम आशियातल्या पिवळ्या गुलाबाच्या घराण्यातून आणला. रंग आला. पण रोझा फेटिडाला काळ्या ठिपक्यांचा रोग फार पटकन लागतो, आणि रंगाबरोबर तो दुबळेपणाही आला. पुढे पिवळा, केशरी, तांबूस असं सगळं याच वाटेने पसरत गेलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर एका फीचरसाठी बाहेरची लायब्ररी घेतली, तिच्यात बग होता, आणि तो सव्वाशे वर्षं प्रॉडक्शनमध्ये आहे. आणि बग काढायच्या ऐवजी आपण दर रविवारी पॅच मारतोय. पंपाने.

त्यात काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला रुजायला पान सलग सातेक तास ओलं लागतं. आता पुण्याचा जुलै आठवा. सात तास कसले, सात दिवस पान वाळत नाही! अशा हवेत असं झाड आणायचं आणि मग म्हणायचं की गुलाब नाजूक असतो.

मावळातल्या पॉलिहाउसमध्ये हेच लांब दांडीचे गुलाब पिकतात आणि व्हॅलेंटाइन डेच्या आधी परदेशी जातात. त्या शेतकऱ्यांशी माझं काडीचंही भांडण नाही. त्यांना फूल विकायचंय, दांडीची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजली जाते, डोक्यावर प्लॅस्टिकचं छत आहे, फवारणीचं वेळापत्रक हा त्यांच्या धंद्याचा खर्च आहे. पण तुमच्या अंगणात छत नाही आणि तुम्हाला फूल विकायचं नाही. तुम्हाला झाड हवंय. फूल विकणाऱ्याचं झाड आणि झाडाबरोबर राहणाऱ्याचं झाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलं आणून दुसऱ्याची अपेक्षा करतो.

आता महागातली थाप का म्हटलं ते सांगतो. पैशांबद्दल बोलत नाहीये.

सातारला आमच्या घराच्या मागे न्हाणीघराच्या सांडपाण्यावर एक गावठी गुलाब आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. आजी रोज सकाळी देवाला त्याची फुलं काढते, आणि समोर जे पोर असेल त्याच्या तळहातावर दोन पाकळ्या ठेवते. खायला. आम्ही सगळी भावंडं त्या पाकळ्या खाऊन मोठी झालो. चैत्रात बरणीत पाकळ्या आणि खडीसाखर घालून ती बरणी उन्हात ठेवली जायची, आणि तो गुलकंद अंगणातलाच.

दोन वर्षांपूर्वी माझी भाची पुण्याला माझ्याकडे राहायला आली होती. साडेतीन वर्षांची. आदल्या महिन्यात ती सातारला आजीकडे राहून आली होती. मी फोनवर बोलत होतो आणि ती गॅलरीत शांतपणे गुलाबाच्या पाकळ्या तोडून खात होती. मला बघून तिने एक माझ्यापुढे धरली. "मामा, घे."

त्या झाडावर मी परवाच्याच संध्याकाळी इमिडाक्लोप्रिड मारलं होतं.

हे औषध पानावर नुसतं बसत नाही, झाडाच्या रसात मुरतं. म्हणूनच ते 'भारी' असतं. पाकळी धुऊन उपयोग नाही. मी मुलीला उचललं, बाटली खिशात घातली आणि रिक्षा पकडली. डॉक्टरांनी बाटली वाचली, तिला चार तास बसवून ठेवलं, तपासलं. काही झालं नाही. संध्याकाळी ती बिस्किटं खात घरी आली. मला मात्र ते चार तास अजून आठवतात. ताई एक शब्द बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं.

युरोपियन युनियनने २०१८ साली या औषधाचा शेतातला उघड्यावरचा वापर बंद केला, तो मुख्यतः मधमाशांसाठी. मी माझ्या गॅलरीत त्याच रात्री बंद केला. तोवर मला कधी प्रश्नच पडला नव्हता की जे फूल मी पोराच्या हातात देऊ शकत नाही ते मी घरात का लावलंय. सातारचं झाड त्या लेकराला हे शिकवून पाठवतं की पाकळी खायची असते, आणि माझं झाड तिला दवाखान्यात पाठवतं. दोघांनाही आपण 'गुलाब' म्हणतो.

त्या रात्रीपासून फवारे थांबले आणि अपेक्षेप्रमाणे उरलेली झाडं एकेक करून आजारी पडायला लागली. आणि मग गंमत झाली.

माझा एक गर्द लाल गुलाब होता. नर्सरीवाले गुलाबाला डोळा भरतात, म्हणजे खाली एका दणकट गुलाबाचा खुंट आणि त्यावर आपल्याला हव्या त्या जातीचा डोळा. खुंटापासून फुटवा आला की तो रानटी समजून काढून टाकायचा, नाहीतर तो वरच्याचं अन्न खातो. मीही तीनदा काढला. चौथ्या वेळी ऑफिसात रिलीज होती, दोन महिने झाडाकडे बघायला वेळ झाला नाही. तेवढ्यात वरचा लाल गुलाब वाळून गेला आणि खालचा फुटवा चार फूट वाढून फुलला. गुलाबी, भरगच्च, आणि वास... मी गॅलरीचं दार उघडलं आणि क्षणभर मला सातारचं न्हाणीघर आठवलं! पुढच्या खेपेला एक फांदी घेऊन गेलो. आजीने फूल नाकाला लावलं आणि म्हणाली, "हा आपलाच की रे." पानं, काटे, फूल शेजारी ठेवून पाहिले. मला फरक सापडला नाही.

'लाल गुलाब आणला होता, तो गुलाबी झाला, नर्सरीवाल्याने फसवलं' अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. फसवलेलं नसतं. वरचा मेलेला असतो आणि खालचा जगलेला असतो.

आपल्याकडे खुंटासाठी वापरल्या जाणाऱ्या गुलाबांमध्ये एक 'एडवर्ड' आहे. हा बूर्बों घराण्यातला. हिंदी महासागरात रेयुनियों बेट आहे, त्याचं जुनं नाव बूर्बों. तिथले फ्रेंच लोक शेताच्या कुंपणाला गुलाब लावायचे, चीनचा गुलाब आणि दमास्क गुलाब. त्या कुंपणातच दोघांचा आपोआप संकर झाला असं मानतात. १८१० च्या दशकाच्या अखेरीस त्याचं बी पॅरिसला गेलं आणि त्यातून बूर्बों गुलाबांचं घराणं निघालं. त्यांच्या वंशातून पुढे हायब्रिड पर्पेच्युअल, आणि त्यांच्या टी गुलाबांशी झालेल्या संकरातून हायब्रिड टी.

म्हणजे बघा. पणजीच्या खांद्यावर पणतीला बसवायचं, पणतीचं कौतुक करायचं, आणि पणजीने डोकं वर काढलं की कात्री लावायची. काका म्हणतात 'कुंपणाचं झुडूप', आणि अक्षरशः बरोबर म्हणतात. त्या कुंपणातूनच त्यांच्या ३२ कुंड्यांचा वंश निघालेला आहे.

आता यावर येणारे आक्षेप. येतीलच, म्हणून आधीच घेतो.

एक, 'गावठी गुलाबाला रोग येत नाहीत का?' येतात. खोटं कशाला बोलू? पावसाळ्यात माझ्याही झाडाला काळे ठिपके पडतात, ऑगस्टमध्ये निम्मी पानं गळतात. पण ते आपल्या मुळावर उभं आहे, बुंध्यातून नव्या फांद्या काढतं, आणि दसऱ्यापर्यंत परत हिरवं होतं. रोग येणं वेगळं आणि रोगाने मरणं वेगळं. आणि शेंडा वाळला तरी खालून तेच झाड येतं, दुसरं नाही.

दोन, 'फूल लहान, दोन दिवसांत पाकळ्या गळतात.' गळतात. फुलदाणीत त्याचं काही खरं नाही. पण ते फुलदाणीचं झाडच नाही. मोठं फूल, सरळ दांडी, टोकदार कळी हे प्रदर्शनाच्या टेबलावरचे निकष. तिथे परीक्षक फूल बघतो, झाड घरीच असतं. झाड आजारी आहे का, किती औषध प्यायलंय, हे टेबलावर दिसत नाही.

तीन, 'म्हणजे नवं काही लावायचंच नाही का? सगळं जुनं तेच सोनं?' मुळीच नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, जुनं म्हणून पुजणं मला परवडत नाही. उलट नव्या झुडुपी गुलाबांवर जगात फार चांगलं काम झालंय. जर्मनीत एडीआर नावाची गुलाबांची परीक्षा आहे, १९४८ पासूनची, आणि १९९० च्या दशकापासून तिथे चाचणीच्या वाफ्यांवर औषध मारतच नाहीत. जो तसाच निरोगी राहील तो पास. अमेरिकेत विल्यम रॅडलर यांचा 'नॉक आउट' २००० साली आला तो झुडुपी गुलाब म्हणूनच, काळ्या ठिपक्यांना दाद न देणारा. (तो इतका लावला गेला की आता कोळ्यांमार्फत पसरणारा रोझ रोझेट विषाणू त्याला गाठतोय. एकच जात सगळीकडे लावू नका, हा धडा तिथून घ्यावा.)

आणि आपल्याकडे? डॉ. बी. पी. पाल, गव्हाचे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. ते गुलाबाच्या नव्या जातीही काढत आणि त्यांनी भारतातल्या गुलाबावर १९६६ साली अख्खं पुस्तक लिहिलं. एम. एस. वीरराघवन यांनी आयएएसची नोकरी सोडून कोडाईकनालला गुलाबांवर काम केलं. त्यांचा आग्रह असा की युरोपच्या थंडीसाठी केलेले गुलाब आपल्या उन्हात आणून रडायचं कशाला? म्हणून त्यांनी मणिपूरकडचा रोझा जायगँटिया आणि आपल्या सखल, दलदलीच्या भागातला रोझा क्लायनोफिला घेऊन उष्ण हवेचे गुलाब तयार केले. ही नावं आपल्या नर्सरीत विचारून बघा. माझ्याकडे दुकानदाराने 'कोणत्या कंपनीचं औषध आहे ते?' अशा नजरेने पाहिलं होतं.

दोष फक्त त्याचा नाही. रोप घ्यायला गेल्यावर आपण फुलाचा रंग बघतो. कोणत्या खुंटावर आहे, पावसाळ्यात कसं राहतं, वास आहे का, हे कोणी विचारत नाही. गिऱ्हाईक विचारेल तेच दुकानात येतं.

बरं, नुसती भांडणं नकोत, आता करायचं काय ते. फार सोपं आहे.

पाऊस लागला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची काडी घ्या. खालची पानं काढा, निम्मी काडी मातीत खोचा, सावलीत ठेवा. दीड महिन्यात मुळं धरते. सगळ्याच धरत नाहीत, म्हणून पाच-सहा लावा. कुंडीत लावायचं तर कुंडी मोठी, १४-१६ इंची, आणि तळाला भोक मोकळं. जमिनीत लावायचं तर दोन झाडांत चार फूट अंतर आणि किमान पाच तास ऊन. शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, बुंध्याभोवती पालापाचोळा. पाणी सकाळी आणि बुंध्याशी, पानांवर नाही. ठिपके पडून गळलेली पानं उचलून टाका, कारण बुरशी त्यांच्यातच मुक्काम करते.

पहिली दोन वर्षं कात्री लपवून ठेवा. पुढे ऑक्टोबरात वाळकं आणि एकमेकांत घुसलेलं काढा, उरलेलं जेमतेम एक तृतीयांश छाटा, आणि सगळ्यात म्हातारी एखादी फांदी बुंध्यापासून काढा. दीड-दोन महिन्यांत फूल. मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा आणि आठ दिवस थांबा, ढालकिडे येतात आणि फडशा पाडतात. औषधाने मावा मरतो तसे तेही मरतात. मावा लगेच परत येतो, ते येत नाहीत.

झालं. एवढंच. याला नाजूक म्हणतात का?

आता एक शेवटचं, आणि हे लिहिण्याचं खरं कारणही तेच. सातारचं घर या दिवाळीनंतर पाडायचं ठरलंय. नवं बांधताना मागच्या अंगणात दोन गाड्यांचं पार्किंग येणार आहे. नकाशा मी पाहिला, न्हाणीघर जिथे होतं तिथे बरोबर एका गाडीचं मागचं चाक येतं. मी विरोध केला नाही. ८४ वर्षांच्या आजीला जिने उतरून मागे न्हाणीघरात जावं लागतं, ते बंद व्हायलाच हवं. पण झुडूप हलवता येईल का विचारल्यावर बांधकामवाले म्हणाले, "साहेब, नर्सरीतून नवे चांगले गुलाब आणून लावू की पुढे. लँडस्केपिंगमध्ये धरलंय ते."

नवे चांगले गुलाब!

म्हणून या पावसाळ्यात मी सातारहून काड्या आणतोय. गॅलरीत जागा सहाची आहे, काड्या वीस लावणार. काकांच्या दारात एक कुंडी न विचारता ठेवणार आहे, बघू किती दिवस औषध न मारता राहवतं त्यांना. बाकीच्यांचं तुम्ही बघा. पुण्यात कोणाला हवी असेल तर सांगा, ऑगस्टअखेर मुळं धरलेली असतील. पैसे नकोत. अट एकच, त्या झाडाची पहिली पाकळी घरातल्या लहान पोराच्या तळहातावर ठेवायची, आणि ठेवताना हात थरथरता कामा नये.